स्टीफन रायकर यांचं गर्दीचं मानसशास्त्र आणि आपला सिंहस्थ

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये मानसशास्त्र शिकवते. २०२७ च्या सिंहस्थासाठी आमच्या भागातल्या मंडळांनी मिळून साठेक तरुण स्वयंसेवक जमवलेत. त्यांच्यापुढे 'गर्दी कशी वागते' यावर दोन तास बोलायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांना नेमकं काय सांगावं, हे तुम्हाला विचारायला हा धागा काढते आहे.

आम्ही कॉलेजात जे शिकलो ते गुस्ताव्ह ल बाँ यांचं. १८९५ सालचं त्यांचं पुस्तक. माणूस गर्दीत शिरला की त्याची बुद्धी गहाण पडते, विवेक सुटतो, एकाचं वेड दुसऱ्याला लागतं, असा त्याचा सूर. बंदोबस्ताच्या भाषेत आजही हेच ऐकू येतं. गर्दीला 'आवरायचं' असतं, 'थोपवायचं' असतं.

गेली काही वर्षं मी स्टीफन रायकर यांचं लेखन वाचते आहे आणि ल बाँवरचा माझा विश्वास पार उडालाय. रायकर ब्रिस्टल विद्यापीठातले, 'सामाजिक ओळखी'चा सिद्धांत मांडणाऱ्या हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांच्या तालमीत तयार झालेले. २ एप्रिल १९८० ला ब्रिस्टलच्याच सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. रायकर तेव्हा तिथेच संशोधन करत होते. त्यांनी दंगलीत असलेल्या लोकांना गाठून विचारलं, कोण कुठे होतं, काय झालं, काय झालं नाही.

'काय झालं नाही' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दगड पोलिसांवर पडले, बँकेवर पडले, बाहेरच्यांच्या दुकानांवर पडले. वस्तीतल्या घरांना हात लागला नाही. एका बसची काच फुटली तेव्हा गर्दीतल्याच लोकांनी नाकं मुरडली. पोलीस वस्तीतून मागे हटल्यावर कोणी त्यांच्या मागे शहरभर धावत सुटलं नाही. म्हणजे त्या गर्दीला हद्द होती, आणि ती हद्द 'आपण सेंट पॉल्सचे' या भावनेतून आलेली होती. १९८४ सालच्या त्यांच्या निबंधाचं सार हेच. गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही. तो 'मी'वरून 'आम्ही'वर येतो आणि त्या 'आम्ही'च्या रीतीने वागतो.

आता तुम्ही बोला. दोन तासांत साठ मुलांना यातलं काय सांगू?

निफाडचा_बागायतदार

ताई, आडनाव वाचून मला आधी वाटलं आपल्याकडचेच कोणी रायकर सर आहेत! लेख छान. वाचनखूण साठवली.

मेनरोड

वाचतोय. पण एक शंका. दंगल आणि स्नान एकाच तराजूत कसं तोलायचं? तिथे राग होता, इथे श्रद्धा असते.

गोदाकाठची

मेनरोड, रास्त शंका. रायकर यांनी स्वतःच पुढे दोन्ही अभ्यासलं. डंडीचे निक हॉपकिन्स आणि अलाहाबाद विद्यापीठातल्या आपल्या संशोधकांना सोबत घेऊन त्यांनी प्रयागच्या माघमेळ्याचा अभ्यास केला. महिनाभर तंबूत राहणारे कल्पवासी, एकवेळचं जेवण, कडाक्याच्या थंडीत पहाटेचं स्नान. मेळ्याला गेलेले ४१६ जण आणि न गेलेले १२७ जण यांना आधी आणि नंतर त्यांच्या तब्येतीबद्दल, मनःस्थितीबद्दल विचारलं. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एवढे हाल सोसून परतलेल्यांनी आपली प्रकृती न गेलेल्यांच्या मानाने सुधारल्याचं सांगितलं.

त्यातलाच एक छोटा प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. लोकांना एक गोंगाटाची ध्वनिफीत ऐकवली. काहींना सांगितलं हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगितलं हा शहरातल्या रस्त्यावरचा आहे. आवाज तोच. मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांना तो बरा वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला.

वणीचा_वाटसरू

हे मला कोणी पटवून द्यायची गरजच नाही. चैत्रात आम्ही चालत गडावर जातो. पायाला फोड, डोक्यावर ऊन, रात्री कुठल्याशा शाळेच्या ओसरीवर शंभर माणसं. घरी शेजारच्या खोलीत कोणी घोरलं तरी मला झोप लागत नाही. तिथे शंभर जण घोरत असतात आणि मी मेल्यासारखा झोपतो. बायको म्हणते, देवीची कृपा. ते आहेच. पण आजूबाजूचे सगळे आपलेच आहेत हे कुठेतरी आत माहीत असतं, ते या ताईंनी बरोबर पकडलंय.

आकडेमोड

माझं थोडं थंड पाणी. महिनाभर वाळवंटात राहायला जाणारी माणसं मुळातच वेगळी असतात. श्रद्धा जास्त, घरचा आधार जास्त, कदाचित शेतीची कामं सोपवायला हाताशी मुलंही. न गेलेल्यांशी त्यांची तुलना कितीही नीट केली तरी ती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांची तुलना होत नाही. शिवाय सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. "कसं वाटतंय?" असं विचारलं तर तीर्थाहून आलेला माणूस "वाईट" म्हणेल का?

अभ्यास वाईट आहे असं मी म्हणत नाही. आधी आणि नंतर दोन्ही वेळा विचारलं, न गेलेले लोकही घेतले, हे समाजमानसशास्त्रात कौतुकाचंच आहे. पण 'कुंभाला गेल्याने तब्येत सुधारते' असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश उद्या फिरायला लागला तर त्याची जबाबदारी कोणाची?

गोदाकाठची

आकडेमोड, मान्य. मुलांना मी 'सुधारते' असं सांगणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की गर्दीतला त्रास हा त्रासच वाटेल असं ठरलेलं नसतं. सोबत कोण आहे यावर ते बरंच ठरतं.

पंचवटीकर

मी हा धागा दोनदा वाचून मग लिहायला बसलोय.

२००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, मी सरदार चौकाच्या अंगाला आमच्या जुन्या घरात होतो. त्या दिवशी ३९ माणसं गेली. नाणी उधळली म्हणून लोक धावले आणि चेंगरले, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. बाहेरगावचे पाहुणे आजही मला विचारतात, "पैशासाठी लोक एकमेकांना तुडवत गेले म्हणे?"

मी काय पाहिलं ते सांगतो. गल्ली उताराची, अरुंद. मागून माणसं येतच होती, कारण मागच्याला पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. पुढच्याला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. आमच्या ओट्यावरून मी आणि माझ्या भावाने हाताला धरून किती जणांना वर ओढलं त्याचा हिशेब नाही. खालून लोक आधी लेकरं वर देत होते. ओळख ना पाळख. एका माणसाने कोणाचं तरी पोर माझ्या हातात दिलं आणि तो खालीच राहिला. आई घागरीतून ओंजळीने पाणी टाकत होती. दुसऱ्या दिवशी गल्लीत चपलांचा खच पडला होता, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

लोक वेडे झाले नव्हते. जागा नव्हती. तुमच्या त्या रायकरांनी हे लिहिलं असेल तर ते खरं आहे, एवढंच मला सांगायचंय.

अनुराधा_सिडको

काका, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

मी परिचारिका आहे. अशा प्रसंगी माणूस बहुतेक वेळा पायाखाली येऊन जात नाही. उभ्या उभ्या, चहूबाजूंनी दाब येऊन छाती फुलायला जागा उरत नाही आणि श्वास कोंडून जातो. त्याला 'तुडवातुडवी' म्हटलं की दोष मेलेल्यांवर आणि वाचलेल्यांवर जातो.

आकडेमोड

काकांना नमस्कार. आणि अनुराधाताईंच्या मुद्द्याला जोड देतो. अमेरिकेचे जॉन फ्रुइन यांनी गर्दीच्या घनतेवर काम केलंय. एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, तिच्यातून धक्क्याच्या लाटा जातात. माणूस उचलला जातो, पायातले जोडे निघून जातात. चपलांचा खच म्हणजे पळापळीची खूण नव्हे, दाबाची खूण आहे. त्या टप्प्यावर कोणाचाही शहाणपणा किंवा वेडेपणा कामाचा राहत नाही.

त्यामुळे माझा रायकर यांच्याबद्दलचा खरा आक्षेप हा की 'आम्ही' वगैरे सगळं सात माणसांच्या आधीपर्यंतच.

दूरदेशी_नाशिककर

आकडेमोड, हा आक्षेप त्यांच्याच परंपरेतल्या लोकांनी ओळखला आहे. रायकर यांचे विद्यार्थी आणि सहकारी जॉन ड्रुरी. त्यांनी हिंद अल्नबुल्सी यांच्याबरोबर मक्केच्या मशिदीत हजच्या वेळी ११९४ यात्रेकरूंना प्रश्न विचारले, २०१४ साली ते छापून आलं. गर्दी दाटली की सर्वसाधारणपणे असुरक्षित वाटतं. पण ज्यांना ही गर्दी मनापासून आपली वाटत होती, त्यांना दाटीत उलट जास्त सुरक्षित वाटलं.

आता यातली मेख बघा. सुरक्षित वाटणं आणि सुरक्षित असणं या दोन गोष्टी आहेत. २०१५ मध्ये हजच्याच वेळी मक्केजवळच्या मीनाला भयंकर चेंगराचेंगरी झाली. ज्या भाविकाला गर्दीत आईच्या कुशीत असल्यासारखं वाटतं, तो वेळेत मागे फिरणार नाही. म्हणून ताई, तुमच्या मुलांना हे जरूर सांगा: भाविकांच्या चेहऱ्यावरच्या आनंदावरून धोका मोजू नका.

मी गेली बारा वर्षं स्कॉटलंडमध्ये राहतो. सेंट अँड्र्यूज, जिथे रायकर शिकवतात, ते इथून फार लांब नाही. कोविडच्या काळात ते सरकारच्या सल्लागार गटात होते आणि वर्तमानपत्रांतून सतत लिहीत होते. लोक निर्बंधांना लवकर कंटाळतील, म्हणून टाळेबंदी उशिरा लावावी, असा एक सूर तेव्हा निघाला होता. रायकर त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं, लोक बहुसंख्येने नियम पाळतायत. जे घरात बसत नाहीत त्यातल्या कित्येकांना बसणं परवडत नाही, त्यांना मदत द्या. माणसांवर विश्वास टाकणारा शास्त्रज्ञ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मेनरोड

तुरुंगाचा प्रयोग केला ते हेच का? टीव्हीवर दाखवला होता तो?

दूरदेशी_नाशिककर

हो, हेच. फिलिप झिंबार्डो यांचा १९७१ चा स्टॅनफर्डचा प्रयोग बहुतेकांना माहीत आहे. गणवेश चढवला की पहारेकरी आपोआप क्रूर होतात, असं त्यातून पसरलं. रायकर आणि अलेक्स हॅसलम यांनी बीबीसीसाठी डिसेंबर २००१ मध्ये १५ पुरुष घेऊन पुन्हा कैदी-पहारेकरी मांडणी केली, २००२ मध्ये ती दाखवली गेली. इथे पहारेकऱ्यांना ती भूमिकाच आपली वाटेना, कैद्यांची मात्र एकी झाली. सहाव्या दिवशी बंड, मग सगळ्यांनी मिळून समतेचा संसार मांडला. तो नीट चालेना, तेव्हा काही जण कडक हुकूमशाही आणायची भाषा बोलू लागले आणि आठव्या दिवशी प्रयोग थांबवला.

मला यातला शेवटचा भाग सर्वात भीतीदायक वाटतो. माणसं जुलमाकडे वळतात ती गणवेशामुळे नाही, आपलं आपण मिळून उभं केलेलं कोसळताना पाहून वळतात.

आकडेमोड

कॅमेऱ्यासमोर, राष्ट्रीय वाहिनीवर दाखवणार हे माहीत असताना कोणता पहारेकरी क्रूर होईल? झिंबार्डो यांनीही या प्रयोगावर कडाडून टीका केली होती. १५ माणसांवरून मानवी स्वभाव सांगू नये. हे दोघांनाही लागू.

दूरदेशी_नाशिककर

दोघांनाही लागू हे मान्य. पण एक फरक आहे. रायकर-हॅसलम यांनी निष्कर्ष काढताना जुलूम आपोआप होतो या समजुतीला धक्का दिला. स्टॅनली मिलग्राम यांच्या प्रयोगात साधी माणसं प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला विजेचे धक्के (प्रत्यक्षात खोटे) देत गेली होती. त्याकडेही त्यांनी असंच पुन्हा पाहिलं. माणसं हुकूम पाळत होती म्हणतात. पण २००९ मध्ये जेरी बर्गर यांनी त्या प्रयोगाचा काही भाग पुन्हा केला, तेव्हा ज्या वाक्याला खरोखर हुकूम म्हणता येईल, 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही', ते ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. 'प्रयोगासाठी हे आवश्यक आहे' म्हटलं की मात्र जात होते. म्हणजे विज्ञानाचं काम आपलं समजून जात होते.

निफाडचा_बागायतदार

हे माझ्या अनुभवाशी जुळतं. छाटणीच्या मजुरांना "हे करायचंच" म्हटलं की टोळी दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत दिसते. "पाऊस यायच्या आत आपली बाग सोडवू या" म्हटलं की अंधार पडेस्तोवर हलत नाहीत.

गंजमाळ

उशिरा आलो, पण एक बाजू अजून कोणी मांडली नाही ती मांडतो.

सगळे जण स्नानाच्या गर्दीबद्दल बोलतायत. याच पंचवटीत २ मार्च १९३० ला आणखी एक गर्दी जमली होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. दारं बंद. पुढे रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड झाले, लोकांची डोकी फुटली. तरीही हा लढा पाच वर्षं चालला. माझे पणजोबा त्या माणसांत होते. घरात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं ते एवढंच, की रांग मोडायची नाही असं ठरलं होतं आणि ती मोडली नाही.

ल बाँ यांना पॅरिसच्या रस्त्यावर उतरलेल्या कष्टकऱ्यांची भीती वाटत होती, म्हणून त्यांना गर्दीत फक्त जनावर दिसलं. रायकर यांनी हे स्पष्ट लिहिलंय, की गर्दीला अविचारी म्हटलं की ती काय मागते आहे ते ऐकायची गरज उरत नाही. मी ते वाचलं तेव्हा पणजोबांची आठवण झाली. ज्यांच्या हातात सत्ता, पैसा, शाळा काहीच नव्हतं, त्यांच्याकडे एकत्र उभं राहणं एवढंच होतं. त्या गर्दीत माणूस लहान झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभा राहिला.

ताई, तुमच्या साठ मुलांना ही गर्दीसुद्धा सांगा. जागा तीच आहे, चालत पाच मिनिटांवर.

गोदाकाठची

गंजमाळ, सांगेन. नक्की सांगेन. मी इतकी वर्षं शिकवते आणि सेंट पॉल्सचं उदाहरण ब्रिस्टलहून आणते. काळारामाचं माझ्या मनात आलं नव्हतं.

पंचवटीकर

+१. मीही त्या मंदिराच्या सावलीत वाढलो. गंजमाळ, तुमच्या पणजोबांबद्दल आणखी लिहा. वेगळा धागा काढा.

रहाडप्रेमी

एक हलकं उदाहरण देऊ का? रंगपंचमीची रहाड. पेशवाईपासूनचे ते हौद, त्यात उडी, रंगाचा धप्पा. बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ धिंगाणा. पण आधी पूजा कोण करणार, पहिला मान कोणाचा, उडी कुठून मारायची, हे सगळं ठरलेलं असतं आणि कोणी लिहून दिलेलं नसतं. नवखा पोरगा चुकीच्या बाजूने चढला की दहा हात त्याला खाली ओढतात. ताईंनी म्हटलेली 'हद्द' हीच ना?

गोदाकाठची

अगदी हीच! दहा हात हे उदाहरण मी उचलते आहे.

अनुराधा_सिडको

मूळ प्रश्नाकडे येऊ का? दोन तासांत काय सांगायचं.

मी २०१५ च्या एका पर्वणीला प्रथमोपचार केंद्रावर होते. त्या दिवशी कठडे इतके लांबवर लावले होते की म्हाताऱ्या माणसांना मैलोन्‌मैल चालावं लागलं. आमच्याकडे आलेल्यांत बहुतेक पाय सुजलेले, चक्कर आलेले. आणि चिडलेले! चालावं लागलं म्हणून ते चिडले नव्हते. "आम्हाला कोणी काही सांगतच नाही," हे प्रत्येकाचं वाक्य. एक आजी म्हणाल्या, "पोरी, अजून दोन कोस आहे असं सांग, मी जाते. पण 'चला चला' नको म्हणूस." ते मी विसरलेले नाही.

दूरदेशी_नाशिककर

आजींनी एका वाक्यात सांगितलं ते सिद्ध करायला क्लिफर्ड स्टॉट यांना फुटबॉलच्या प्रेक्षकांमागे युरोपभर फिरावं लागलं. स्टॉट हे रायकर यांच्याच विचाराचे. सरसकट सगळ्यांना गुंड समजून पोलीस अंगावर गेले की शांत प्रेक्षकही गुंडांच्या बाजूने एक होतात, हे त्यांनी दाखवलं. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या एका पोलीस दलाने त्यांचा सल्ला ऐकला. पोलीस साध्या गणवेशात, लोकांशी बोलत, हेल्मेटवाली तुकडी नजरेआड. त्यांच्या शहरांत इंग्लंडच्या प्रेक्षकांची मोठी दंगल झाली नाही. दुसऱ्या दलाच्या हद्दीत, अल्बुफेरात, झाली.

रायकर यांचा प्रभाव मला इथे दिसतो. ब्रिस्टलच्या एका वस्तीतल्या मुलाखतींपासून निघालेली गोष्ट पोलिसांच्या प्रशिक्षणात आणि साथीच्या धोरणात जाऊन पोचली.

आकडेमोड

मग माझ्याकडून हे घ्या. एक तास मोजणीला द्या. मुलांना जमिनीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखून द्या. त्यात चार जण उभे करा, मग पाच, मग सहा. प्रत्येकाला हात छातीवर आणता येतो का ते बघायला सांगा. पाचच्या वर गेलं की मागच्या टोकाला कळवायचं, भाविक हसत असोत की भजन म्हणत असोत. दुसरा तास रायकर यांचा. मी माझा आक्षेप मागे घेत नाही, पण सात माणसांच्या आधीचा काळच स्वयंसेवकाच्या हातात असतो, हे पंचवटीकर काकांचं वाचून माझ्या ध्यानात आलं.

पंचवटीकर

मागच्या टोकाला कळवणं. हेच त्या दिवशी नव्हतं. मागच्याला कळलं असतं तर तो थांबला असता. कोणाच्या घरचं पोर चेंगरावं असं त्याला का वाटेल?

वणीचा_वाटसरू

दिंडीत आम्ही हेच करतो. पुढे खड्डा असला की पुढचा ओरडतो, तो शब्द हातोहात मागे जातो. भाविकांनाच हे काम द्या ना. साठ मुलं कुठे कुठे पुरतील? "माऊली, मागे सांगा, थांबायचंय" म्हटलं की मागचे सांगतात.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा धरते. आधी खडूचा चौकोन. मग आजींचं वाक्य आणि 'मागे सांगा'चा सराव, मुलांची लांब रांग करून. काळारामासमोर उभं राहून गंजमाळ यांनी लिहिलेलं वाचून दाखवायचं. सेंट पॉल्स आणि माघमेळा त्यानंतर, तेव्हा मुलांना ते कळेल.

पंचवटीकर काका, एक विनंती आहे, जड वाटली तर सरळ नाही म्हणा. त्या दिवशी ओट्यावरून काय दिसलं ते तुम्ही मुलांना येऊन सांगाल का?

पंचवटीकर

येतो. भावालाही आणतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. वर्गात नको पण. त्या गल्लीतच जमवा सगळ्यांना, सकाळी सातच्या आत, दुकानं उघडायच्या आधी. ओटा अजून आहे.

निफाडचा_बागायतदार

तारीख कळवा. साठ मुलांच्या नाश्त्याचं आणि द्राक्षांचं माझ्याकडे लागलं.